खिचडीच्या तांदळातले 'ते' वेगळे दाणे वेचून टाकायचे की नाही?

पाटीपेन्सिल · १२ जुलै २०२२, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा साधा आहे, पण शनिवारच्या पालक सभेच्या आत उत्तर हवंय, म्हणून इथे टाकतोय.

मी पालघर जिल्ह्यातल्या डोंगरात एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पहिली ते सातवी, पट एकाहत्तर, शिक्षक तीन. माझ्याकडे चौथी-पाचवी, आणि कुणीतरी सांभाळायलाच हवी म्हणून पोषण आहाराची वही. किती पोरं जेवली, किती तांदूळ गेला, किती उरला. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५०.

आमच्या मदतनीस ताई दहाच्या सुमाराला व्हरांड्यात परात घेऊन तांदूळ निवडायला बसतात. खडे, सोंडे, तुसं. शाळा सुरू झाल्यापासून बघतोय, त्यांना निवडायला दुप्पट वेळ लागतोय. परवा विचारलं तर म्हणाल्या, "गुरुजी, यात प्लास्टिकचा तांदूळ मिसळलाय. पोरांच्या पोटात कशाला घालायचा?" परातीशेजारी डब्याचं झाकण, त्यात वेचलेल्या दाण्यांचा ढीग. मी हातात घेऊन बघितले. आकार तांदळाचाच, पण अंगाला तांदळाची झाक नाही, खडूसारखे. किंचित पिवळट. आणि सगळे एकमेकांसारखे. खऱ्या तांदळात एक लांब, एक आखूड, एक टोक तुटलेला असं असतं ना, तसं नाही. ते झाकण ताई संध्याकाळी घरी नेतात आणि कोंबड्यांना घालतात.

पाड्यावर मोबाईलवर व्हिडिओ फिरतोय. तांदूळ पाण्यात टाकतात, काही दाणे वर तरंगतात, मग एक माणूस ओरडतो, "बघा, प्लास्टिक!" तीन घरांनी पोरांना डबा द्यायला सुरुवात केली. त्याचं मला काही नाही, डब्यात नाचणीची भाकरी येते. पण दुसरीतल्या एका पोरीला आईने नुसतं बजावलं, शाळेतली खिचडी खायची नाही. डबा दिला नाही. ती दुपारभर खिडकीला टेकून बसली. हा धागा त्या पोरीमुळे काढलाय.

मी काय काय केलं ते सांगतो.

तांदळाचा कट्टा, म्हणजे पोतं, उलटापालटा करून पाहिला. त्यावर निळं 'एफ' अक्षर, त्याला अधिकचं चिन्ह, आणि 'फोर्टिफाइड', म्हणजे वरून पोषकं घातलेला, असा शब्द. म्हणजे कुणी चोरून मिसळलेलं नाही, सांगूनसवरून मिसळलंय. फक्त आम्हाला सांगितलेलं नाही. वरून पत्र आलं असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.

मग चौथीच्या पोरांना कामाला लावलं. न निवडलेला तांदूळ, शंभर-शंभर दाण्यांचे ढीग, असे वीस. गणिताचा तास सत्कारणी. दोन हजार दाण्यांत ते वेगळे दाणे निघाले एकवीस. दुसऱ्या कट्ट्यातले दोन हजार मोजले तर फक्त सहा. (एका पोराने तीन खाल्ले असं नंतर कळलं. कुठल्या ढिगातले, ते सांगत नाही.)

जाळून पाहिले. साध्या तांदळासारखेच काळे पडले, करपलेल्या भाताचा वास. प्लास्टिक जळतं तसे वितळले नाहीत, गळले नाहीत. मग एक दाणा खलबत्त्यात कुटला, त्यावर प्रथमोपचार पेटीतल्या आयोडीनचा थेंब टाकला. निळा-काळा झाला. म्हणजे पिष्टमय पदार्थ, वरच्या वर्गाच्या विज्ञानात असतं ते. शेजारी पेनचं टोपण कुटून ठेवलं होतं, त्यावर थेंब तपकिरीच राहिला. पोरं खूश.

एवढं झालं, तरी तीन गोष्टी अडल्या आहेत. एक, हे दाणे नक्की कशाचे आणि कसे करतात? दोन, आमच्या शाळेत याचा उपयोग होतो की नुसता देखावा? तीन, आणि ही खरी काळजीची. कट्ट्यावर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की थॅलेसेमिया असणाऱ्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली खावं आणि सिकलसेल असणाऱ्यांनी लोहयुक्त अन्न खाऊ नये. दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. आमच्या वरच्या वर्गात दोन पोरांकडे सिकलसेलचं कार्ड आहे. ती दोघं रोज तीच खिचडी खातात.

शनिवारी लोकांसमोर उभं राहायचंय. जाणकारांनी सांगावं.

---

धानाचा_कोंडा · १२ जुलै २०२२, रात्री ११.१५

गुरुजी, याचं उत्तर द्यायचा हक्क माझा. मी गोंदिया जिल्ह्यात एका भरडाईच्या गिरणीत ब्लेंडरवर आहे. तुमच्या ताईंनी वेचलेले ते दाणे मी माझ्या हातानं ओततो.

आमच्याकडं सरकारी धान येतो, तो भरडून तांदूळ परत द्यावा लागतो. एका क्विंटलमागं ६७ किलो, हा जुना हिशोब. आता त्यात हे नवीन काम आलं. त्या वेगळ्या दाण्यांना आम्ही 'एफआरके' म्हणतो, फोर्टिफाइड राइस कर्नल. वेगळे कारखाने ते करतात, आम्ही फक्त विकत घेतो. मी एकदा तो कारखाना पाहून आलो. तांदळाचीच कणी असते, ती दळून पीठ करतात. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ची पावडर मिसळतात. पाणी-वाफ लावून मळतात आणि यंत्रातून दाबून काढतात. सोऱ्यातून शेव पाडतो ना आपण? तसंच. फक्त चकतीची भोकं तांदळाच्या आकाराची आणि पुढं फिरणारं पातं, ते दाण्याएवढे तुकडे पाडतं. मग वाळवतात. बस. म्हणून ते सगळे भाऊ-भाऊ दिसतात. एकाच चकतीतून निघाले आहेत बाप्पा, वेगळे काहून दिसतील?

तरंगतात काहून, तर दाबून केलेल्या दाण्यात बारीक हवा राहते. शेव नाही का तरंगत पाण्यावर? तुमच्या व्हिडिओवाल्याला एवढंच सांगा.

मिसळायचं प्रमाण शंभराला एक. म्हणजे क्विंटलभर तांदळात एक किलो. तुमचे एकवीस दाणे दोन हजारात, म्हणजे बरोब्बर. पोरांना शाबासकी द्या, आमच्या इथं तपासायला येणाऱ्यांनीसुद्धा इतकं मोजलं नसतं. दुसऱ्या कट्ट्यात सहा निघाले, तो दोष आमच्यासारख्यांचा. पावसाळ्यात हवा दमट झाली की हे दाणे यंत्राच्या तोंडाशी चिकटून बसतात. थेंब थेंब पडायच्या ऐवजी अडतात. कुणीतरी काठीनं पत्र्यावर ठोकलं की भसकन पडतात. मग एका कट्ट्यात जास्त अन् दुसऱ्यात कमी. चांगल्या गिरणीत डोळा ठेवतात, काही ठिकाणी नाही ठेवत. खोटं काहून बोलू.

चव घ्यायची म्हणाल तर मी कच्चे चावून पाहिले आहेत. पिठूळ लागतात. शिजवल्यावर मला ओळखू येत नाहीत, आणि मी तांदळात जन्म काढला आहे.

शेजारच्या गडचिरोलीत हे तुमच्या आधीच आलं होतं. केंद्रानं देशभर पंधरा राज्यांत एकेक जिल्हा घेऊन प्रयोग ठरवला, त्यात महाराष्ट्राकडून तोच होता. पुढं गेल्या वर्षी १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं की २०२४ पर्यंत सगळ्या सरकारी योजनांतला तांदूळ असाच देणार. पहिल्या टप्प्यात अंगणवाडी अन् शाळा, मग रेशन. म्हणून तुमच्या पाड्याला आधी शाळेत दिसला. आता दुकानात पण येणार, तयारी ठेवा.

---

चिमूटभर · १३ जुलै २०२२, सकाळी ७.०५

आरोग्य खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. वरचं वाचताना हसू आलं, कारण हे सगळं नाटक मी एकदा पाहिलंय. तेव्हा पात्र वेगळं होतं. मीठ.

सातपुड्याच्या पायथ्याला माझी नोकरी गेली. गळ्याला गाठी आलेल्या बायका बाजारात सहज दिसायच्या. गलगंड. लोक त्याला आजार मानायचे नाहीत, 'आमच्याकडच्या पाण्याचा गुण' म्हणायचे. आम्ही आयोडीनचं मीठ घेऊन गेलो तर गावात बातमी पसरली, हे नसबंदीचं मीठ आहे. एका आजीने माझ्यासमोर पुडा ओढ्यात ओतला. आजचं 'प्लास्टिक' आणि तेव्हाची 'नसबंदी' ही सख्खी भावंडं. सरकारने न विचारता ताटात काही घातलं की माणूस घाबरतो. यात चूक फक्त माणसाची नाही.

पण मिठाचा पुरावा पक्का होता. १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे भाग पाडून काहींना आयोडीनचं मीठ दिलं, एकाला साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागातल्या पोरांचे गलगंड उतरले, साध्या मिठाच्या भागात होते तसेच राहिले. त्यावरून १९६२ मध्ये देशाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे खाण्यासाठी साधं मीठ विकायला बंदी आली १९९८ मध्ये, ती २००० मध्ये उठवली, २००६ मध्ये परत आणली. वसई-उरणकडच्या मिठागरवाल्यांचा राग मला कळतो. बापजाद्यांचं जाडं मीठ एका कागदाने 'खाण्यास अयोग्य' ठरलं, आणि फायदा झाला पाकीटवाल्यांचा. ही बाजू कुणी बोलत नाही.

आज देशात चौऱ्याण्णव टक्क्यांच्या आसपास घरांत आयोडीनचं मीठ आहे. आशाताईकडे तपासणीची छोटी बाटली असते. चिमूटभर मिठावर एक थेंब, रंग जांभळा झाला की आयोडीन आहे. गुरुजी, तुम्ही आयोडीनने तांदूळ तपासलात, तसंच पोरांना घरचं मीठ आणायला सांगून तपासा. सभेत याच्यासारखं साधन नाही. लोकांना भाषण नको असतं, रंग बदललेला दिसायला हवा असतो.

आणि हो, वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालणं १९५३ पासून सक्तीचं आहे. आपल्या आयांनी त्यात तळलेल्या करंज्या खाल्ल्या, कुणी व्हिडिओ काढला नाही.

---

नाचणीची_लेक · १३ जुलै २०२२, दुपारी १.३०

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून मी बेसूर होते.

प्लास्टिक नाही, मान्य. विष नाही, मान्य. पण आधी तांदूळ पॉलिश करकरून त्याचा कस कोंड्यात घालवायचा, मग दुसऱ्या कारखान्यातून पावडर आणून एका टक्क्याने परत टाकायची, ही कसली शहाणपणाची रीत? माझ्या माहेरी सिंधुदुर्गात उकड्या तांदळाची पेज होती, नाचणी होती. गुरुजींच्या पाड्यावर तर आजही नाचणी पिकते, आणि शाळेत मात्र गोंदियाचा पांढरा तांदूळ.

मी आहारशास्त्र शिकलेय, म्हणून आकडे बोलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह ०.६५ मिलिग्रॅम. नाचणीत ४.६. वर कॅल्शियम साडेतीनशेच्या पुढे, ते तर तांदळात नावालाच. फोर्टिफाइड तांदळात नियमाप्रमाणे किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह घालतात. म्हणजे १०० ग्रॅमला २.८ ते ४.२५. इतका खटाटोप करून तांदूळ कुठे आणला, तर नाचणीच्या जेमतेम बरोबरीला.

(नाचणीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, तिच्यातली फायटेट आणि टॅनिन ते धरून ठेवतात, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. भिजवा, मोड आणा, आंबील करा. आज्यांना ते माहीत होतं. आणि तांदळात लोह म्हणून घालतात ते फेरिक पायरोफॉस्फेटही काही पटकन अंगी लागणारं नाही. रंग-चव बदलत नाही म्हणून ते निवडलंय, शोषलं जातं म्हणून नाही.)

दुसरं. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ना? एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. तेवढ्यासाठी रोज १०० ग्रॅम धरला तर हा तांदूळ सतरा दिवस खावा लागेल. मग गोळी पुरेशी नाही का?

---

पाटीपेन्सिल · १३ जुलै २०२२, दुपारी ४.५०

कोंडाभाऊ, चिमूटभर काका, मनापासून आभार. सोऱ्याचं उदाहरण जसंच्या तसं वापरणार. ताईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "शेव तर मीच पाडते दिवाळीला, मग मला कसं नाही कळलं?"

नाचणीताई, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि तरी माझ्या वहीत बसत नाही. नाचणी पाड्यावर पिकते, पण घरटी पिकते ती घरालाच मार्चपर्यंत पुरत नाही. शाळेत जो तांदूळ येतो तो मी ठरवत नाही. मला एवढंच ठरवता येतं की तो शिजवताना काय करायचं.

गोळीचं विचाराल तर सांगतो. दर सोमवारी देतो, वरच्या वर्गांना निळी, धाकट्यांना गुलाबी. समोर उभं राहून गिळायला लावतो, जीभ बाहेर काढायला लावतो. तरी शाळेमागच्या करवंदीच्या जाळीत मागच्या वर्षी गोळ्यांचा सडा सापडला. काहींना मळमळतं, काळी शी होते, आया घाबरतात. भात मात्र कुणी जाळीत टाकत नाही. म्हणजे परवापर्यंत टाकत नव्हतं.

पण सिकलसेलवर अजून कुणीच बोललं नाही.

---

रक्तगट_ओ · १३ जुलै २०२२, रात्री १०.२०

सिकलसेलवर मी बोलते. विदर्भात एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, रोज याच मुलांचे नमुने हातात असतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे औषधोपचार म्हणून घेऊ नका.

पहिलं म्हणजे कार्ड नीट वाचा. वाहक आहे की रुग्ण? वाहकाला एकाच पालकाकडून तो गुण आलेला असतो, त्याच्या रोजच्या तब्येतीला सहसा काही होत नाही. काळजी रुग्णाची, म्हणजे दोन्हीकडून आलेल्याची.

रुग्णात लाल पेशी लवकर फुटतात. फुटल्या तरी त्यांच्यातलं लोह शरीराबाहेर जात नाही, आतच राहतं. त्यात ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात लोह साठत जातं, कारण रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं आणि ते बाहेर काढायला शरीराकडे वाट नाही. थॅलेसेमियात हेच आणखी मोठ्या प्रमाणावर. कट्ट्यावरची ओळ या भीतीतून आली आहे.

आता मोजमाप बघा. तुमच्या सहावीतल्या मुलाच्या दीडशे ग्रॅम तांदळात जास्तीत जास्त सव्वासहा-साडेसहा मिलिग्रॅम घातलेलं लोह. त्यातलं आतड्यातून रक्तात जातं ते फार थोडं. रक्ताच्या पिशवीसमोर हे कुठेच नाही. उलट सिकलसेलच्या काही मुलांत लोह कमीच सापडतं, गरिबीमुळे, जंतांमुळे. म्हणून उत्तर एकच: फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून त्या दोघांसाठी लेखी घ्या, हो की नाही. शाळेने आपल्या मनाने बंद करू नये, आपल्या मनाने चालूही ठेवू नये.

आणि सर, आता जरा कडू बोलते. तुम्ही खिचडीतल्या चार-सहा मिलिग्रॅमची चिंता करताय. त्या दोन मुलांना सोमवारची निळी गोळी देताय का? तिच्यात ६० आहे. ज्यांना सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असल्याचं माहीत आहे, ज्यांना वारंवार रक्त लागतं, त्यांना ही गोळी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय द्यायची नाही असं त्या कार्यक्रमाच्या सूचनांतच आहे.

---

पाटीपेन्सिल · १३ जुलै २०२२, रात्री १०.४१

देतोय.

दोन वर्षं देतोय. जीभ बाहेर काढायला लावून.

उद्या सकाळी आधी आरोग्य केंद्रात जातो, मग शाळा.

---

टोरांटोकर · १४ जुलै २०२२, पहाटे ५.१५

विषय गंभीर वळणावर गेलाय, मी फक्त एक छोटी भर घालतो. इथे कॅनडात पांढऱ्या मैद्यात फॉलिक ॲसिड घालणं १९९८ पासून सक्तीचं आहे, दुधात ड जीवनसत्त्वही. मैद्यामुळे मणक्याचा दोष घेऊन जन्मणारी बाळं बरीच कमी झाली. पावाच्या पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. फरक इतकाच की इथे दाणा वेगळा दिसत नाही. पिठात पीठ मिसळलं की वेचणार काय? तुमच्याकडचा घोळ निम्मा तरी त्या दाण्याच्या दिसण्याचा आहे असं मला वाटतं.

---

नाचणीची_लेक · १४ जुलै २०२२, सकाळी ९.१०

गोळीचा प्रश्न मीच काढला होता. सर, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही विचारलंत म्हणून निदान कळलं.

भांडण बाजूला ठेवून शिजवण्याबद्दल सांगते. तांदूळ धुताना या दाण्यांतलं फारसं जात नाही, बाहेरून फवारलेलं नसून पिठातच मळलेलं आहे. पण घरी भात वेळायची सवय असेल तर वरचं पाणी टाकू नका, पेज म्हणून प्या. खिचडीत पाणी टाकायचा प्रश्नच नाही, ते बरंच. वर लिंबू पिळा. तुमच्याकडे आवळ्याची झाडं असतील तर थंडीत आवळा द्या, क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. आणि कोरा चहा! पाड्यावर पोरं सकाळ-संध्याकाळ कोरा चहा पितात हे मी पाहिलंय. जेवणाच्या आगेमागे तासभर तरी नको. नाहीतर गोंदियाहून आणलेलं लोह चहाच घेऊन जाईल.

एक तेवढं मान्य करते. सात ते नऊ वर्षांच्या पोराला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागतं. तुमच्या खिचडीतून त्यातलं पावएक येतं. सहावी-सातवीतल्या मुलींना २८ लागतं, तिथे हे अपुरं. पण आपल्या राज्यात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के पोरं आणि ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, गेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात. अशा वेळी पावएकलाही नाक मुरडता येत नाही. नाचणीचा हट्ट मात्र सोडणार नाही.

---

पाटीपेन्सिल · १६ जुलै २०२२, रात्री ८.३०

सभा झाली. सांगतो, पण आधी ती दोन पोरं.

गुरुवारी डॉक्टरांना भेटलो. एक मुलगा वाहक निघाला, त्याला काहीच बंधन नाही, निळी गोळी पण चालेल म्हणाले. दुसरी मुलगी रुग्ण. तिला मागच्या दिवाळीत जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त चढवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. तिची गोळी बंद केली. फेरिटिनचा नमुना घेतलाय, तो येईपर्यंत ती शाळेत आमटी-भाजी आणि ताईंच्या घरच्या तांदळाचा भात खाईल. ताई स्वतःहून म्हणाल्या. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सभेला चाळीसेक माणसं आली, पाऊस असून. मी भाषण केलं नाही. चिमूटभर काकांचं ऐकलं. टेबलावर तीन बश्या मांडल्या: साधा तांदूळ, वेचलेले दाणे, पेनचं टोपण. ज्याच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ होता त्याच पोराला पुढे बोलावून त्याच्याच हातून थेंब टाकून घेतले. दोन बश्या काळ्यानिळ्या, तिसरी तपकिरी. मग ताईंनी घरून सोऱ्या आणला होता, त्यांनी तांदळाच्या पिठाचा उंडा घालून शेव पाडली आणि बोटाने दाण्याएवढे तुकडे तोडून दाखवले. टाळ्या त्यांना मिळाल्या.

सगळे पटून घरी गेले असं नाही. एक आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "चांगलं होतं तर आधी सांगायला काय झालं होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा एक जण म्हणाला, आम्हाला लोह नको, डाळ वाढवा. त्यालाही नव्हतं.

दुसरीतली ती पोरगी आज खिचडी जेवली. दोनदा घेतली.

ताईंनी आता निवडताना फक्त खडे-सोंडे काढायचं ठरवलंय. पण हिशोब त्यांच्या डोक्यातून जात नाही. एकाहत्तर पोरं, महिनाभर, रोजचं झाकण. निघताना मला म्हणाल्या, "गुरुजी, म्हणजे सगळी ताकद माझ्या कोंबड्यांनी खाल्ली की." मग थोडं थांबून, "अंडी मात्र तेवढीच देतायत हो."

---

धानाचा_कोंडा · १६ जुलै २०२२, रात्री ९.०२

ताईंना गोंदियाचा नमस्कार सांगा. अन् त्या सहा दाण्यांच्या कट्ट्याबद्दल मी आमच्या मालकाला बोललो. तो कट्टा आमचाच असेल असं नाही, पण यंत्राचं तोंड आता रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसतो.

---

रक्तगट_ओ · २ नोव्हेंबर २०२४, दुपारी १२.१५

जुना धागा वर काढतेय. गेल्या महिन्यात बातमी आली, केंद्राने हा तांदूळ डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवायचं ठरवलंय. आणि कट्ट्यावरची ती थॅलेसेमिया-सिकलसेलची ओळ आता काढून टाकली आहे. तज्ज्ञांची समिती बसली, तिने इतक्या कमी लोहाने या रुग्णांना धोका दिसत नाही म्हटलं. आकड्यांनी मलाही ते पटतं, पण ओळ होती म्हणून निदान एका शिक्षकाने प्रश्न विचारला होता. सर, त्या मुलीचं काय झालं?

---

पाटीपेन्सिल · ३ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.२०

तिचं फेरिटिन तेव्हा मर्यादेत आलं होतं, डॉक्टरांनी खिचडी चालेल असं लिहून दिलं. गोळी नाही. आता ती नववीत आश्रमशाळेत आहे. तिथल्या अधीक्षकांना मी तो कागद स्वतः नेऊन दिला, झेरॉक्स माझ्याकडे आहे.

माझी जूनमध्ये बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात. रुजू झालो त्या सकाळी शाळेत शिरलो तर व्हरांड्यात मदतनीस मावशी परात घेऊन बसलेल्या. शेजारी डब्याचं झाकण, झाकणात पिवळट दाण्यांचा ढीग. दप्तर खाली ठेवून आधी सोऱ्या कुणाकडे आहे ते विचारलं.